डाव्या पंजातलं भोक

"माझी एक चूक दाखव. एकच. त्या दिवशी काम सोडते."

आत्या हे पहिल्यांदा बोलली तेव्हा स्वयंपाकघरात होती. हातात चहाची गाळणी होती आणि समोर धाकटा भाऊ होता. पुढे ती ते इतक्यांदा बोलली की भाऊच तिच्या आधी ते पुरं करायला लागला. "ताई, आता पुरे कर ना काम," एवढं म्हणायचा, आणि तिने तोंड उघडायच्या आत स्वतःच पुढचं टाकून द्यायचा, "कळलं, कळलं. एक चूक दाखव."

"मग दाखव की!"

"मी कुठून दाखवू? तुझी पिल्लं काय परत येतात तक्रार करायला?"

ती हसायची. तिला हा शेवटचा भाग फार आवडायचा.

खरं तर ती एकाच मुलीची आत्या, या भावाच्या लेकीची. पण पोरीने बोलायला लागल्यापासून "आत्या, आत्या" असा धोशा लावला आणि बघता बघता सगळी गल्ली तिला आत्या म्हणायला लागली. दूधवाला म्हणायचा, खालच्या मजल्यावरचे तिच्याहून म्हातारे मास्तर म्हणायचे. पोरीला मात्र घरात भुंगा म्हणत. कानाशी गुणगुण अखंड, आणि गुणगुणीत फक्त प्रश्न.

आत्या हॅचरीत कामाला होती. शहर संपता संपता गोदामांची रांग लागते, त्या रांगेत शेवटी अंडी उबवून पिल्लं काढायचा तो कारखाना. तिथे ती नर आणि माद्या वेगळ्या करायची. सकाळी ट्रॉल्या खडखडत आत येत. ट्रॉलीत ट्रे, आणि ट्रेमध्ये नुकतीच अंड्याबाहेर आलेली, ओल सुकून फुललेली, एकमेकांच्या डोक्यावर पाय देऊन चढणारी पिवळी पिल्लं. खोलीला खिडकी नव्हती. ऊब इतकी की थंडीच्या दिवसांतही कपडे पाठीला चिकटायचे. हवेत पिसांची बारीक लव तरंगत असायची आणि घरी आल्यावर भुंगा ती आत्याच्या भुवयांतून वेचून काढायची.

प्रत्येक टेबलावर एक वाकवलेला दिवा. आत्या डाव्या हाताने पिल्लू उचलायची, अंगठ्याने त्याचा पंख पंख्यासारखा उलगडायची, एकदा बघायची, झालं. पंखाच्या टोकाला कोवळ्या पिसांच्या दोन ओळी असतात, एकीवर एक. खालची लांब असली तर मादी. दोन्ही सारख्या असल्या तर नर. मादी डावीकडच्या खोक्यात जायची. नर उजवीकडच्या सरकत्या पट्ट्यावर. तो पट्टा भिंतीतल्या रबरी पडद्याखालून पलीकडच्या खोलीत जायचा.

खोक्यात टाकण्याआधी मादीला एक खूण करायची असे. छोट्या चिमट्याने पायाच्या दोन बोटांमधल्या पातळ कातडीला भोक. प्रत्येकीची जागा ठरलेली. आत्याचं भोक डाव्या पायाला, आतल्या बाजूला. समोरच्या टेबलावरच्या जोडीदारणीचं उजव्या पायाला. कोणत्या टेबलावरून काय गेलं ते कळावं म्हणून मालकाच्या वडिलांनी ही पद्धत घालून दिली होती. ते वारले, पद्धत राहिली. आता ते भोक कुणी बघत नसे. पिल्लं खोक्यांतून निघून जात, दुकानांत, शेडांत, कुणाच्या परसात, आणि पाय उलटा करून कुणी विचारायला येत नसे.

"आणि पट्ट्यावरची? ती पलीकडच्या खोलीत जाऊन काय करतात?" भुंगा विचारायची.

"पलीकडच्या खोलीत दुसरी माणसं असतात."

"ती काय करतात?"

"मला काय माहीत? मी माझ्या टेबलाशी असते. गप्प बसून मटार सोल."

आत्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. त्या पडद्याकडे पाठ येईल अशा बेताने तिने आपली खुर्ची फार वर्षांपूर्वीच फिरवून घेतली होती.

नव्या मुली कामाला आल्या की सुपरवायझर बाई त्यांना आधी आत्याच्या टेबलाशी आणून उभ्या करायच्या. "हिचे हात बघू नका. हिचे डोळे बघा. काही शोधताना दिसतात का? शोधत नाहीत. त्यांना सापडलेलं असतं." आत्या वर न बघता काम करत राहायची, पण दिवसभर तिची मान जराशी ताठ असायची. तिचं लग्न जमलं नाही, स्वतःचं घर झालं नाही. आई गेल्यावर भावाच्या घरातली मागची खोली मिळाली, तीही मायेने मिळाली, तक्रारीला जागा नव्हती. पण हे एक मात्र तिचं होतं, कुणी दिलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी तिच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट ठिपका आला.

आधी वाटलं, चष्म्याची काच खराब झाली. पुसली. मग वाटलं, दिवा मंद झालाय. बदलून घेतला. ठिपका जाईना, आणि तो असा वस्ताद की जिकडे बघावं तिथेच हजर. कपाट दिसायचं, पण कुलपाकडे बघितलं की कुलूप नाहीसं. माणसाचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, चेहऱ्याच्या जागी पाणी सांडल्यासारखं. तिने वागण्यात बारीक बारीक बदल केले. चहा आवाजावरून ओतायला लागली. बसवर काय लिहिलंय ते शेजारच्या बाईला "घाईत चष्मा विसरले हो" म्हणून विचारायला लागली. आणि टेबलाशी मान तिरकी करून पिल्लू नजरेच्या कडेला धरायला लागली.

"काय गं," जोडीदारीण समोरून म्हणायची, "कुणाकडे बघतेस अशी चोरून? तिकडे तर भिंत आहे."

"भिंतच बरी. उलटून बोलत नाही."

कडेलाही नीट दिसेना तेव्हा तिने अंगठ्यावर भरवसा टाकला. पिसांच्या टोकांवरून अंगठा फिरवला की लांबी कळते, असं तिने स्वतःला सांगितलं. इतकी वर्षं झाली, बोटांना काय कळत नाही? खोकी भरत होती, पट्टा चालत होता, कुणी काही म्हणत नव्हतं. म्हणजे बरोबरच असणार. रात्री मात्र मागच्या खोलीत उशाशी ठेवलेली डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली ती चाचपून शोधायची.

ती बाटली चादर बदलताना भावजयीला सापडली. भावजय औषधाच्या दुकानात काउंटरवर होती. नुसत्या वेष्टनावरून ती गल्लीतल्या अर्ध्या लोकांची दुखणी ओळखायची.

"ताई, हे थेंब कोरड्या डोळ्यांचे आहेत."

"मग? माझे कोरडेच आहेत. रडायला वेळ कुठाय?"

"तुम्ही काल भुंगाच्या दप्तराला उशी समजून थोपटत होतात."

"अंधार होता."

"दिवा लागलेला होता, ताई. डॉक्टरांना दाखवू या ना एकदा. मी येते बरोबर."

आत्याने बाटली तिच्या हातातून काढून घेतली. "माझी एक चूक दाखव," ती म्हणाली. "तुम्हा दोघांनाही सांगते. एक दाखवा. मग डॉक्टर म्हण, घरी बस म्हण, काय म्हणशील ते करते."

चूक दाखवायची कशी, हे भावजयीलाही ठाऊक नव्हतं. आणि आत्या नेमकी त्याच्याच आधारावर उभी होती. हे काम सुटलं तर सकाळी उठून कुठे जायचं, हा प्रश्न होताच. पण त्याच्याही मागे दुसरा होता, ज्याच्याकडे ती पाठ करून बसायची. पिल्लू हातात घेऊन ज्या बाईला काही दिसत नाही, ती बाई कोण?

भाऊ लॉन्ड्रीची व्हॅन चालवायचा. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे कोट, सगळी गाठोडी गोळा करायची आणि धुऊन पोचवायची. त्या रविवारी मालकाने व्हॅन दिली आणि भावाने सगळ्यांना तलावावर न्यायचं ठरवलं. मागे आसनं नव्हती. आत्या आणि भुंगा घडी केलेल्या गोधडीवर बसल्या. आत साबणाचा आणि वाफेचा वास भरलेला.

"आज मळकी बोचकी नाहीत हं," भावाने आरशातून ओरडून सांगितलं. "आज फक्त तुम्ही."

"आम्ही काय धुतलेली बोचकी?" भावजय म्हणाली.

"तू इस्त्रीचीसुद्धा. बघ की, एक सुरकुती हसत नाही."

तलाव म्हणजे शहराला पाणी देणारा जुना बांध, त्याच्या कडेने बाग, मधे एक बंद पडलेलं पंपघर. थंडीत तिथे दूरची बदकं उतरतात असं भुंगाला शाळेत सांगितलं होतं. तिने मैत्रिणीची दुर्बीण मागून आणली होती, गळ्यात अडकवून ती सगळ्यांच्या पुढे धावत होती.

"आत्या, बघ! ते बघ, हिरव्या मानेचं! लवकर घे."

आत्याने दुर्बीण डोळ्यांना लावली. एका मोठ्या गोल उजेडात मधोमध धूर. "अगंबाई, किती सुंदर," ती म्हणाली.

"काय करतंय?"

"पोहतंय की."

भुंगाने पाण्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "आत्या, ते केव्हाच उडून गेलं."

आत्याने दुर्बीण तिच्या गळ्यात परत घातली आणि उगाच तिचा पट्टा नीट करत बसली.

पाठीमागे चटई पसरली होती. पाव, उकडलेली अंडी, संत्री, थर्मास. भाऊ पहिलं अंडं थर्मासवर आपटून फोडणार, तेवढ्यात भुंगा किंचाळली.

"बाबा! कोंबडे!"

"कोंबडे कुठले इथे? बगळे असतील."

"बगळ्यांना लाल तुरा असतो का?"

तिला उत्तर पंपघराकडून मिळालं. भर दुपारी, उन्हात, एक कोंबडा आरवला. त्याच्यावर दुसरा. मग कुंपणाच्या झुडपांतून ते बाहेर आले, एकामागून एक, पांढरेशुभ्र, गळ्याखाली लाल झोल लोंबत, पावलं मोजूनमापून टाकत, जणू बाग त्यांच्या नावावर आहे आणि चटईचं भाडं मागायला निघालेत. आत्यालासुद्धा दिसले. नजरेच्या कडेला पांढरं हललं, त्यावर लाल.

भाऊ पोट धरून हसायला लागला. "घ्या! वर्षातून एकदा सुट्टीला बाहेर पडावं, तर ताईच्या ऑफिसातली मंडळी पुढे येऊन बसलेली!"

"आई, त्यांना पाव टाकू?"

"टाक. पण त्यांच्यादेखत अंडं नको सोलायला," भावजय म्हणाली आणि मग तिने मान लांब केली. "यांच्यात कोंबडी एकही नाही?"

"कोंबडी कशी असेल?" मागून आवाज आला. बागेचा रखवालदार नळी गुंडाळत येऊन उभा राहिला होता. "कोंबडी कोण सोडून देतं, बाई? ती अंडी देते. हे सगळे फसवणुकीतले."

"कसली फसवणूक?"

"लोक हौसेने पिल्लं घेतात ना. गच्चीवर ठेवू, पोरांना घरची अंडी देऊ. दुकानदार छातीला हात लावून सांगतो, सगळ्या माद्या आहेत. दुकानदाराचीही चूक नाही, त्याला हॅचरीतून तसंच येतं. चार-पाच महिने जातात, आणि मग एका पहाटे मादी आरवते." त्याने हाताने तुरा करून दाखवला. "शेजारी दार ठोठावतात. कापवत तर नाही, पोरांनी तोवर नाव ठेवलेलं असतं. मग येतात इथे, पिशवीत घालून. सोडतात आणि मलाच सांगतात, 'काका, इथे कशी मोकळी हवा आहे!' मीही म्हणतो, आहे खरी."

भाऊ हसला. भावजय हसली नाही. ती आत्याकडे बघत होती.

"पहिल्यापासून आहेत का इतके?" आत्याने विचारलं.

"छे! पूर्वी एखाददुसरा यायचा. हे बघताय ते सगळे या वर्षातले. फौज उभी राहिली."

रखवालदार नळी ओढत पुढे गेला. भाऊ भुंगाला कोंबड्यांच्या चालीची नक्कल करून दाखवायला लागला. आत्या चटईवर बसून राहिली. सगळ्यांच्याच हातून चुकतात, ती मनात म्हणत होती. जगात एकच हॅचरी आहे का? आणि आमचीच असली, तरी काय? समोरचीच्या हातची असतील. नव्या पोरींच्या असतील.

मग तिने पावाचा तुकडा उचलला आणि ती एकटी पंपघराकडे निघाली.

झुडपाजवळ ती उकिडवी बसली. जिभेने टाळूवर हलका टकटक आवाज केला, ट्रेमधल्या पिल्लांना शांत करायला करायची तसा. माणसांच्या हातात वाढलेले ते कोंबडे, भ्याले नाहीत. एक अगदी जवळ आला. तुकडा टिपायला वाकला, आणि आत्याचा डावा हात त्याच्या पोटाखाली गेला.

तिला आधी वजनाचंच नवल वाटलं. आयुष्यभर जे हातात घेतलं त्याला वजन नव्हतं, नुसती ऊब होती. हा जड होता, स्नायूंनी भरलेला, पण पोटाशी बोटं लागली तेव्हा आतली धडधड तीच. तिने त्याचे पाय बोटांच्या बेचक्यात धरले. उजवा पंजा चाचपला. काही नाही. डावा चाचपला. आतल्या बोटांच्या मधली कातडी अंगठ्याखाली आली, आणि त्या कातडीत एक गुळगुळीत काठाची पोकळी.

अंगठा पुन्हा फिरवला. पुन्हा. मग तिच्या लक्षात आलं की वर्षभर ज्या अंगठ्यावर विसंबून राहिलो, त्याच्यावर आता आपला विश्वास नाही.

"भुंगा," तिने हाक मारली. "इकडे ये. एकटी ये."

भुंगा धावत आली. "पकडलास? कसा पकडलास? मी धरू?"

"तू बघ फक्त. हा पाय बघ. इथे, बोटांच्या मधे. काय आहे?"

भुंगाने नाक जवळजवळ पंजाला टेकवलं. "भोक आहे! आत्या, आरपार भोक आहे. त्यातून गवत दिसतंय."

"कुठला पाय? डावा की उजवा?"

"हा..." भुंगाने कोंबड्याचं तोंड होतं तिकडेच आपलं तोंड केलं, दोन्ही हात पंखांसारखे धरले, स्वतःच्या पायाकडे बघितलं. "डावा. नक्की डावा."

आत्याने त्याला सोडला. दुसरा धरला. "बघ."

"याला पण. डावाच."

तिसरा. "डावा." पुढचा हुलकावणी देऊन पळाला, पण आत्याने त्याला कुंपणाशी गाठला. "डावा," भुंगा म्हणाली, आणि तिच्या आवाजातली मजा कमी कमी होत गेली, कारण आत्याच्या कपाळावर घाम होता. मधे एकच असा निघाला ज्याला भोक उजव्या पायाला होतं. त्याला आत्याने क्षणभर जास्त धरून ठेवलं. जोडीदारणीचा एक. चांगल्या डोळ्यांच्या बाईचा एखादा चुकतो तसा.

"आत्या," भुंगाने विचारलं, "ही पलीकडच्या खोलीतली का?"

आत्याने कोंबडा खाली ठेवला. हात मांडीला पुसले.

"नाही."

"मग?"

"पलीकडच्या खोलीतून कुणी बाहेर येत नाही, भुंगा."

"म्हणजे?"

"म्हणजे मारून टाकतात. नर अंडी देत नाहीत, म्हणून. मी तुला सांगितलं नव्हतं. मी त्यांना पट्ट्यावर ठेवते, आणि ती जातात."

भुंगा कोंबड्यांकडे बघत राहिली. एक पंख फडफडवून उंच झाला, मान ताणली आणि आरवला, इतक्या जवळून की तिने कान झाकले.

"पण हे तर आहेत," ती म्हणाली.

"हे माझ्या हातून चुकलेले. मला वाटलं माद्या आहेत. मला दिसलं नाही."

"मग बरंच झालं की! चुकलीस म्हणून ते आहेत." भुंगाचा चेहरा उजळला असावा, आवाज उजळला होता. "आत्या, तू त्यांना वाचवलंस!"

आत्याला ते घ्यावंसं वाटलं. फार वाटलं. पोरीने हातात दिलं होतं, मूठ मिटायची तेवढी बाकी होती. पण काम करत आलेली बाई होती ती. एका बाजूला चुकलेला हात दुसऱ्या बाजूलाही चुकतो, हे कळायला तिला कुणाची गरज नव्हती. नराला मादी समजून तिने खोक्यात टाकलं, ते इथे उन्हात तुरे मिरवत फिरत होते. आणि मादीला नर समजून? ज्यांचे पंख तिने वर्षभर चाचपले, ज्यांना जगायला म्हणूनच निवडून काढायचं होतं, त्यातल्या किती तिने स्वतःच्या हाताने पट्ट्यावर ठेवल्या? त्यांच्या पायाला भोक नव्हतं. त्या कुठल्याच बागेत दिसणार नव्हत्या. भाऊ बरोबर बोलत आला होता, त्या परत यायच्या नव्हत्या तक्रार करायला.

"चल," ती भुंगाला म्हणाली. "मला हात दे. इथे खड्डा आहे ना?"

"आहे."

"मला दिसत नाही."

भुंगाने हात दिला. एरवी ती हात धरला की झोके घेते. या वेळी ती सावकाश चालली आणि खड्डा आला तेव्हा म्हणाली, "आता."

भाऊ अंडं सोलत होता. "काय ताई, ओळख निघाली का? काय म्हणाले सहकारी?"

"तू दाखवलीस," आत्या चटईवर बसत म्हणाली.

"काय दाखवली?"

"चूक. एक मागितली होती. तिथे चरतायत बघ."

भाऊ आधी हसला. मग त्याने तिच्याकडे बघितलं, मग भुंगाकडे. भुंगा म्हणाली, "त्यांच्या डाव्या पायाला आत्याचं भोक आहे, बाबा. मी बघितलं." त्याच्या हातातलं अंडं अर्धं सोललेलं राहिलं.

"अगं, मी काय ते... ताई, मी आपला चिडवायचो. मी तुला इथे बदकं बघायला आणलं."

"माहीत आहे."

"दोन-चार कोंबड्यांनी काय होतं? इतक्या वर्षांत दोन-चार..."

"चुका या वर्षातल्या आहेत सगळ्या. आणि ज्या दिसतात त्याच मोजू नकोस." तिने त्याला तिथेच थांबवलं. मग भावजयीकडे वळली, म्हणजे तिच्या खांद्याकडे, कारण खांदा दिसत होता. "अगं, माझा फोन घे. सुपरवायझर बाईंना लाव."

"आता? ताई, आज रविवार आहे. उद्या आपण आधी डॉक्टरांकडे जाऊ, मग—"

"डॉक्टरांकडे येते. म्हणशील त्या डॉक्टरांकडे येते. पण उद्या सकाळी ट्रॉल्या येतील. त्याआधी माझ्या टेबलाशी दुसरं कुणीतरी बसायला हवं. तू लाव. मला आकडे दिसत नाहीत."

भावजयीने फोन घेतला. नंबर लावला, वाजायला लागल्यावर आत्याच्या हातात दिला आणि हात लगेच काढून घेतला नाही.

"बाई, मी बोलतेय," आत्या म्हणाली. तिचा आवाज टेबलाशी असायचा तसाच, सरळ. "नाही, घरी सगळं बरं आहे. मी उद्यापासून निवडायला बसणार नाही... रजा नाही मागत, बाई. माझे डोळे गेलेत. पूर्ण नाही, पण मधलं गेलं. वर्ष झालं. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. माझ्या टेबलावरून गेलेल्या खोक्यांत नर गेलेत, बरेच... हो, खात्रीने सांगते. पाय बघितले. आणि पट्ट्यावर..."

तिथे ती थांबली. पलीकडून बाई काहीतरी बोलत होत्या, समजुतीचं असावं. आत्याने ऐकून घेतलं नाही.

"पट्ट्यावर माद्याही गेल्या असणार," ती म्हणाली.

भावाने तोंड तलावाकडे फिरवलं. भुंगा आत्याला चिकटून बसली आणि सवयीने तिच्या भुवयांत लव शोधायला लागली. आज तिथे काहीच नव्हतं.

पंपघराच्या पायरीवर एक पांढरा कोंबडा चढला. त्याने मान ताणली आणि जीव खाऊन आरवला. बाकीच्यांनी साथ दिली. फोनच्या पलीकडे बाईंना बोलणं थांबवावं लागलं.

"हा आवाज कसला? तुम्ही आहात कुठे?" त्या विचारत होत्या.

"तलावावर," आत्या म्हणाली. तिने मान तिरकी केली, नजरेच्या कडेला ते पांढरं आणि लाल धरलं, आणि तसंच धरून ठेवलं. "आपलीच आहेत, बाई. मोठी झालीत."